टीव्हीवरचे एचडी कार्यक्रम घरी कसे रेकॉर्ड करायचे आणि कसे टिकवायचे?

‘सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावला, रेकॉर्डिंग झालं, टीव्हीवर दिसतंय पण. लॅपटॉपला लावला तर फाइल उघडतच नाही. काय करू?’

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर नातेवाईक आणि मित्र जे ठरलेले प्रश्न विचारतात, त्यातला हा एक. याचं सरळ उत्तर असं : तुमचा पेनड्राइव्ह खराब नाही, लॅपटॉपही ठीक आहे. बॉक्सने ती फाइल मुद्दामच तशी बनवलेली असते.

म्हणून रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मला हा कार्यक्रम नंतर बघायचाय की कायमचा ठेवायचाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. हा लेख त्याच दोन रस्त्यांबद्दल आहे.

## एचडी म्हणजे नेमका किती डेटा?

आपल्याकडे टीव्हीवरचं एचडी म्हणजे बहुतेक वेळा १०८०आय. यात चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, उंची १०८० पिक्सेल आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात. त्यातला ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. एक पूर्ण चित्र दोन अर्ध्या चित्रांत येतं : आधी एक सोडून एक अशा ५४० ओळी, मग मधल्या उरलेल्या ५४० ओळी. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. हे लक्षात ठेवा, पुढे फोनवर बघताना याचा संबंध येणार आहे.

हे सगळं जसंच्या तसं पाठवायचं ठरवलं, तर सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट लागतील, म्हणजे तासाला २८० जीबी! एवढा डेटा कुठलीच डीटीएच कंपनी एका चॅनेलसाठी पाठवू शकत नाही. म्हणून चित्र आधी दाबून लहान केलं जातं. एचडीसाठी बहुतेक ठिकाणी एमपेग-४ किंवा एच.२६४ हा कोडेक वापरतात. त्यानंतर एक एचडी चॅनेल सेकंदाला काही मेगाबिटमध्ये बसतं. हिशेबासाठी आपण ८ एमबीपीएस धरू. चॅनेल आणि कार्यक्रमाप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे : एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाला किती जीबी ते मिळतं. ८ एमबीपीएस म्हणजे तासाला ३.६ जीबी. त्यावरून :

- अर्ध्या तासाच्या मालिकेचा एक भाग : १.८ जीबी
- जाहिरातींसकट तीन तासांचा सिनेमा : १०.८ जीबी
- टी-२० सामना, चार तास धरले तर : १४.४ जीबी
- कसोटी सामना, पाच दिवस, रोज आठ तासांचं प्रक्षेपण धरून : १४४ जीबी
- आठवड्याला सहा भाग येणारी मालिका, वर्षभर : साधारण ५६० जीबी

म्हणजे ६४ जीबीचा पेनड्राइव्ह जेमतेम १७ तासांत भरतो. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण २७७ तास मावतात. एसडी चॅनेलला २.५ एमबीपीएस धरले, तर तासाला फक्त १.१ जीबी लागतात. त्यामुळे आईला दुपारची मालिका रात्री बघायचीये एवढंच असेल, तर एसडी चॅनेलवरून रेकॉर्ड करा. जागा तिप्पट पुरते.

## बॉक्स रेकॉर्ड करतो म्हणजे काय करतो?

बऱ्याच जणांना वाटतं की बॉक्स स्क्रीनवरचं चित्र ‘शूट’ करतो, फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरसारखं. तसं नाहीये.

उपग्रहाकडून येणारा डेटा आधीच दाबलेला असतो आणि तो १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांत येतो. चित्राची पाकिटं वेगळी, आवाजाची वेगळी, कार्यक्रमाच्या नावाची वेगळी. पाकिटांच्या या प्रवाहाला ट्रान्स्पोर्ट स्ट्रीम म्हणतात. बॉक्स रेकॉर्डिंग करतो म्हणजे तुमच्या चॅनेलची पाकिटं या प्रवाहातून उचलून डिस्कवर लिहितो, एवढंच. नव्याने कोडिंग होत नाही, त्यामुळे दर्जा अजिबात घटत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणापेक्षा चांगलं होऊ शकत नाही. दोन, जे पाकीट आलंच नाही ते परत मागता येत नाही. यूट्यूबवर नेट गेलं तर व्हिडिओ थांबतो आणि तिथूनच पुढे सुरू होतो. उपग्रह असा थांबत नाही. जुलैमध्ये सरींवर सरी कोसळत असताना सिग्नल गेला, तर तेवढे क्षण रेकॉर्डिंगमध्ये कायमचे गायब. डीटीएचच्या केयू बँडमधल्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात, त्यामुळे कोकणात आणि घाटावर हा अनुभव सगळ्यांनाच आहे.

‘एक चॅनेल बघताना दुसरं का रेकॉर्ड होत नाही?’ याचंही उत्तर इथेच आहे. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवरून अनेक चॅनेल्स एकत्र येतात. एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रान्सपाँडरवर बसतो. दोन वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरवरची चॅनेल्स एकाच वेळी हवी असतील, तर दोन ट्यूनरचा बॉक्स लागतो आणि त्यासाठी साधारणपणे छत्रीकडून दोन केबल्स आणाव्या लागतात.

## ते रेकॉर्डिंग दुसरीकडे का चालत नाही?

पैसे भरून बघायची चॅनेल्स कुलूपबंद येतात. कुलूप उघडायची किल्ली, म्हणजे एक छोटा गुप्त आकडा, दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली त्याच प्रवाहातून येते, पण तीही पुन्हा कुलूपबंदच असते. तुमचं स्मार्ट कार्ड किंवा बॉक्समधली चिप तपासते : या माणसाने या चॅनेलचे पैसे भरलेत का? भरले असतील, तर किल्ली मिळते आणि चित्र दिसतं.

रेकॉर्डिंग करताना बॉक्स ते चित्र उघड्या स्वरूपात डिस्कवर ठेवत नाही. स्वतःच्या चिपमधल्या किल्लीने त्याला पुन्हा कुलूप लावतो. ही किल्ली त्याच बॉक्सपुरती असते. शेजारच्यांकडे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉक्स असला, तरी त्याची किल्ली वेगळी.

म्हणजे डिस्क तुमची, वीजबिल तुमचं, रेकॉर्डिंगही तुम्हीच लावलेलं, पण किल्ली बॉक्सकडे. बॉक्स जळाला, बदलला किंवा कंपनीला परत केला, की डिस्कवर उरतात ते निरर्थक आकडे. बऱ्याच बॉक्समध्ये तर रिचार्ज संपल्यावरही जुनं रेकॉर्डिंग उघडत नाही.

माझ्या मामीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. माझी मामेबहीण एका नृत्य कार्यक्रमाच्या फेरीत टीव्हीवर आली होती. मामीने तो भाग बॉक्सला लावलेल्या डिस्कवर ठेवला होता. दोन वर्षं घरी येईल त्याला ती तो दाखवायची. मग बॉक्स बिघडला, माणूस आला, नवा बॉक्स बसवून जुना घेऊन गेला. रेकॉर्डिंगचं काय होणार, हे त्याने सांगितलं नाही. नव्या बॉक्सला डिस्क लावली, तर ‘फॉरमॅट करायचं का?’ एवढंच विचारत होता. मामीने मला फोन केला, ‘अरे, तू इंजिनिअर आहेस ना, तेवढं काढून दे ना.’ मी डिस्क लॅपटॉपला लावली. फाइल दिसत होती, आकारही बरोबर होता, आत मात्र एकही ओळखीचं पाकीट नव्हतं. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला एक ठरलेला बाइट असतो, तोसुद्धा नाही. अशी किल्ली अंदाजाने शोधणं कुठल्याच घरगुती कॉम्प्युटरला जमणारं नाही. मामीला ‘नाही’ म्हणणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

तेव्हा नियम एकच : कुलूपबंद रेकॉर्डिंग म्हणजे उशिरा बघायची सोय. त्याला संग्रह समजू नका.

## रेकॉर्डिंगचे मार्ग, एकेक करून

१. डीटीएच किंवा केबलचा रेकॉर्डिंग बॉक्स. नंतर बघण्यासाठी उत्तम. काहींच्या आत डिस्क असते, काहींना यूएसबी डिस्क लावावी लागते. काही कंपन्या रेकॉर्डिंग चालू करण्यासाठी वेगळं शुल्क घेतात, ते आधी विचारून घ्या. कायम ठेवण्यासाठी निरुपयोगी, कारण वर सांगितलंच.

२. टीव्हीचं स्वतःचं यूएसबी रेकॉर्डिंग. काही टीव्हींमध्ये ही सोय असते. पण टीव्ही फक्त स्वतःच्या ट्यूनरमधून, म्हणजे थेट टीव्हीलाच जोडलेल्या अँटेना किंवा केबलमधून येणारं रेकॉर्ड करतो. एचडीएमआयने जोडलेल्या सेट टॉप बॉक्सचं चित्र रेकॉर्ड करत नाही. आणि बहुतेक टीव्ही हे रेकॉर्डिंगही त्याच टीव्हीपुरतं कुलूपबंद करतात.

३. फ्री टू एअर बॉक्स. कायम ठेवायचं असेल, तर हाच खरा मार्ग. प्रसार भारतीची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली, तिलाच आता डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याचं भाडं नाही, आणि सह्याद्रीसारख्या दूरदर्शनच्या चॅनेलचा सिग्नल कुलूपबंद नसतो. त्यामुळे यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला साधा फ्री टू एअर बॉक्स घेतला, तर पेनड्राइव्हवर सरळ टीएस फाइल मिळते. ती व्हीएलसीमध्ये लगेच चालते. दूरदर्शनची डीडी नॅशनलसारखी काही चॅनेल्स एचडीतही येतात. ती पकडायला बॉक्स एमपेग-४ चा हवा, जुना एमपेग-२ बॉक्स चालणार नाही. बॉक्स घेताना दुकानातच पेनड्राइव्ह लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ती फाइल फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडून बघा.

४. एचडीएमआय कॅप्चर कार्ड. गेम स्ट्रीमिंग करणाऱ्यांकडे असतं तेच. पण सेट टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून जाणाऱ्या चित्रावर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. बॉक्स आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात. कॅप्चर कार्डला ती ओळख पटवता येत नाही, म्हणून काळी स्क्रीन येते. ‘एचडीसीपी काढून देतो’ म्हणून जे डबे विकले जातात, त्यांच्या नादी लागू नका. कायद्याचा भाग पुढे येतो.

५. ओटीटीवरचं डाउनलोड. झी५, सोनी लिव्ह, जिओहॉटस्टार यांच्यावर ‘डाउनलोड’ असं बटण असतं, पण ते कुलूपबंद रेकॉर्डिंगचंच भावंडं आहे. फाइल अ‍ॅपच्या आतच राहते, ठरावीक दिवसांनी मुदत संपते. स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलात, तर काळं चित्र येतं, कारण अशा व्हिडिओसाठी अ‍ॅप स्क्रीनचा तो भाग बंद करतं. प्रवासात बघायला मात्र याच्याइतकं सोपं काही नाही.

मग घरातलं कुणी दोन मिनिटांसाठी पैसे भरून बघायच्या चॅनेलवर येणार असेल, तर? फोन ट्रायपॉडवर लावा आणि टीव्हीची स्क्रीन शूट करा. हसू नका. खोलीतले दिवे बंद करा, फोन थोडा मागे ठेवून किंचित झूम करा म्हणजे स्क्रीनवर विचित्र लहरी कमी दिसतील, आणि फोकस व एक्स्पोजर लॉक करा. दर्जा एचडीचा नसेल, पण दहा वर्षांनी उघडेल अशी फाइल तुमच्या हातात असेल. चॅनेलने तो भाग यूट्यूबवर टाकला असेल, तर लिंकही जपून ठेवा, मात्र फक्त लिंकवर विसंबू नका. व्हिडिओ काढूनही टाकले जातात.

## ड्राइव्ह कोणता घ्यायचा?

वेगाची काळजी सोडा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त १ एमबी. जुनं यूएसबी २.० सुद्धा याला पुरून उरतं.

विजेची काळजी करा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. काही पोर्टेबल हार्ड डिस्कना फिरायला सुरुवात करताना यापेक्षा जास्त लागते. डिस्क ‘टक टक’ करत असेल आणि बॉक्स तिला ओळखत नसेल, तर आधी हीच शंका घ्या. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेली डिस्क किंवा वीज जोडलेला यूएसबी हब वापरा.

पेनड्राइव्ह तात्पुरत्या कामाला ठीक. ‘लाइव्ह टीव्ही पॉज’ ही सोय चालू असेल, तर काही बॉक्स तुम्ही बघत असाल ते सतत डिस्कवर लिहीत राहतात. दिवसभर टीव्ही चालू राहिला, तर ८६ जीबी लिहिले जातात. फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. स्वस्त पेनड्राइव्ह अशा कामात गरम होऊन लवकर मान टाकतो.

फोटो असलेली डिस्क बॉक्सला कधीही लावू नका. अनेक बॉक्स पहिल्यांदा डिस्क लावली की ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करायला मागतात. रिमोटवर चुकून ‘ओके’ दाबलं, की ताईच्या लग्नाचे फोटो गेले. टीव्हीसाठी वेगळी डिस्क ठेवा आणि तिच्यावर मार्करने ‘टीव्ही’ लिहा.

फॅट३२ ची मर्यादा. फ्री टू एअर बॉक्ससाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला असेल, तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ८ एमबीपीएसच्या एचडीला ही मर्यादा साधारण ७१ मिनिटांत येते. चांगले बॉक्स तिथे फाइल तोडून दुसरी सुरू करतात, साधे बॉक्स रेकॉर्डिंगच थांबवतात. ‘सिनेमा मध्यंतरानंतर रेकॉर्डच झाला नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. बॉक्सला चालत असेल, तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा. पुढे ओटीजी केबलने फोनला लावायचा असेल, तर एक्सफॅट बरा, कारण बरेच अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत.

आणि १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच आहे.

## टाइमर लावताना

- आधी ५ मिनिटं, नंतर १५ मिनिटं जास्त ठेवा. चॅनेलची वेळ आणि बॉक्समधलं वेळापत्रक यांचं दर वेळी जमतंच असं नाही. क्रिकेट असेल, तर नंतरचा एक तास धरा. सुपर ओव्हर वेळापत्रक बघून येत नाही.
- मेन स्विच बंद करू नका. बॉक्स स्टँडबायवर असेल, तरच तो वेळेवर जागा होतो. रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची शिस्त अनेक घरांत असते. रेकॉर्डिंग लावलं असेल त्या दिवशी स्विचवर चिठ्ठी चिकटवा.
- लाइट जाते तिथे छोटा यूपीएस लावा. बॉक्सला वीज फार लागत नाही. टीव्ही बंद असला, तरी बॉक्स आणि डिस्क चालू राहिली की काम होतं. शिवाय लिहिताना अचानक वीज गेली, तर फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते.
- महत्त्वाचा कार्यक्रम असेल, तर पुनःप्रसारणही लावा. पाऊस, वीज, वेळापत्रक, सगळ्यांवर हाच एक उपाय.

## फाइल हातात आल्यावर

हा भाग फक्त फ्री टू एअर बॉक्सच्या उघड्या फाइल्ससाठी आहे.

टीएसची एमपी४ करा, पण ‘कन्व्हर्ट’ करू नका. टीएस आणि एमपी४ ही डब्यांची नावं आहेत. आतलं चित्र तेच राहतं, फक्त डबा बदलायचा. याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेग किंवा लॉसलेसकट या मोफत सॉफ्टवेअरने हे काही मिनिटांत होतं आणि दर्जा जराही कमी होत नाही. लॉसलेसकटमध्ये जाहिराती कापून टाकता येतात. यात काप अगदी नेमक्या फ्रेमवर बसत नाही, एखादा सेकंद मागे-पुढे होतो. पण अर्ध्या तासातल्या आठ मिनिटांच्या जाहिराती काढल्या, तर चतुर्थांशापेक्षा जास्त जागा वाचते.

कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नका. खो-खो किंवा कबड्डी बघताना पळणाऱ्या खेळाडूच्या कडेला आडव्या रेषा दिसतात. फाइल खराब झालेली नसते. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन अर्ध्या चित्रांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं, तेवढ्यात खेळाडू पुढे सरकलेला असतो. व्हीएलसीमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की रेषा जातात.

फोनसाठी वेगळी, लहान प्रत बनवा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ७२०पी, एच.२६५, १.५ एमबीपीएस असं निवडलं, तर एक तास साधारण ०.७ जीबीत बसतो. फोनच्या स्क्रीनवर फरक कळणारही नाही. पण मूळ फाइल पुसू नका. दर वेळी नव्याने कोडिंग केलं की थोडा दर्जा कायमचा जातो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा.

## वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या घरी टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेप करत राहिल्या. मागे साधारण ७०,००० टेप उरल्या. त्या पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. त्यांच्या व्हीसीआरच्या टेप त्याच प्रकारच्या कुठल्याही व्हीसीआरवर चालतात, म्हणून हे शक्य झालं. प्रत्येक टेपची किल्ली एकाच यंत्रात असती, तर आज त्या संग्रहाचं काय झालं असतं, विचार करा.

आपल्याला ७०,००० टेप ठेवायच्या नाहीत. पण आजीचं सह्याद्रीवरचं भजन, गावच्या शाळेवरची बातमी, एवढं तरी टिकायला हवं. त्यासाठी :

- तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे मावशीच्या घरी ठेवलेली डिस्कही चालते.
- पेनड्राइव्ह कपाटात टाकून विसरू नका. फ्लॅश मेमरीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, वीज न मिळता वर्षं गेली की तो हळूहळू ओसरू शकतो. हार्ड डिस्क त्या बाबतीत बरी, पण तिचे फिरणारे भाग अडकू शकतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, सगळ्या डिस्क लावून फाइल्स उघडून बघा.
- क्लाउडवर मोजकंच ठेवा. गूगलच्या मोफत १५ जीबीत मूळ एचडीचे चार तासच मावतात, आणि त्यात तुमचे फोटो आणि मेलही असतात. तिथे खास क्लिप्स तेवढ्या ठेवा.
- फाइलचं नाव नीट द्या. वर्ष-महिना-दिवस, मग चॅनेल, मग कार्यक्रम. बॉक्सने दिलेल्या ‘रेक ०००७’ अशा नावातून पाच वर्षांनी काहीही कळत नाही.

## कायदा काय म्हणतो?

घरी टीव्ही रेकॉर्ड करावा की नाही, हा वाद जुना आहे. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स बाजारात आणल्यावर हॉलिवूडच्या स्टुडिओंनी कोर्टात धाव घेतली. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : कार्यक्रम नंतर बघता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणं योग्य वापरात बसतं. तो कायदा त्यांचा. आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ आहे. त्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही.

पण ‘खासगी’ हा शब्द नीट वाचा. तीच फाइल टेलिग्राम ग्रुपवर टाकली, यूट्यूबवर चढवली किंवा पेनड्राइव्हमध्ये भरून विकली, की ती सवलत संपली. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंग करण्याच्या उद्देशाने असं तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मामीच्या डिस्कवरचं कुलूप आणि हे कलम, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात : रेकॉर्डिंग झाल्यावर कुलूप तोडायच्या मागे लागू नका, आधीच मार्ग नीट निवडा.

## नेहमीचे प्रश्न

बॉक्स बदलणार आहे, जुनं रेकॉर्डिंग नव्यात जाईल का? बहुतेक वेळा नाही. माणूस यायच्या आधी जे बघायचंय ते बघून घ्या, आणि घरच्यांचं काही असेल तर फोनने शूट करून ठेवा.

नेटवर ‘अनलॉकर’ सॉफ्टवेअर मिळतं, ते चालतं का? किल्ली बॉक्सच्या चिपमध्ये असते, सॉफ्टवेअर ती कुठून आणणार? अशा डाउनलोडमधून व्हायरस मात्र हमखास मिळू शकतो.

४के टीव्ही आहे, रेकॉर्डिंग ४के होईल का? नाही. प्रक्षेपण १०८०आय असेल, तर रेकॉर्डिंगही तेवढंच. टीव्ही फक्त ते ताणून दाखवतो.

फ्री डिशवर माझी आवडती मालिका नाही, मग? मग ती ‘नंतर बघायच्या’ यादीत टाका आणि डीटीएच बॉक्स किंवा ओटीटी वापरा. सगळंच कायमचं ठेवायची गरज नसते.

## आज एवढं करा

घरातल्या बॉक्सवर आत्ता कुठली रेकॉर्डिंग्ज आहेत त्याची यादी बघा. आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, यातलं काय गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल? बहुतेक घरांत उत्तर एक-दोन गोष्टींचंच येतं, आणि ती कधीच मालिका नसते. तेवढ्या गोष्टींची, दुसऱ्या यंत्रावर उघडणारी एक प्रत या रविवारी बनवा. बाकीचं निवांत बघा आणि पुसून टाका.